येसचा '९०१२५': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'९०१२५' हे कसलं नाव?

कॅटलॉग क्रमांक. ॲटको या रेकॉर्ड कंपनीने येस या इंग्लिश रॉक बँडच्या या अल्बमला दिलेला क्रमांक ७-९०१२५-१ असा होता. शेवटचा १ एलपीचा. कॅसेटला ४ आणि सीडीला २ लावायचा कंपनीचा रिवाज. मधले पाच आकडे उचलले आणि तेच नाव ठेवलं. ज्या बँडने दहा वर्षांपूर्वी आपल्या अल्बमला 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' असं भारदस्त नाव दिलं होतं, त्याने १९८३ च्या नोव्हेंबरात गोदामातला नंबर मुखपृष्ठावर छापला. पुढे काय ऐकायला मिळणार, याची अर्धी कल्पना इथेच यावी.

येस आधी कसा बँड होता? प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय?

व्याख्येच्या फंदात पडत नाही. १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटलं की रॉकच्या गिटार-ड्रम्समधून सिम्फनीएवढं मोठं काही उभं करता येईल. मग गाणी लांबली, ताल विषम झाले, कीबोर्डांची रांग लागली आणि शब्द अध्यात्माकडे वळले. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, एमर्सन लेक अँड पामर ही त्यातली मोठी नावं.

येस १९६८ मध्ये लंडनला सुरू झाला. जॉन अँडरसन गायला, ख्रिस स्क्वायर बेस गिटारवर. १९७२ च्या 'क्लोज टू द एज'मध्ये शीर्षकगीतानेच एलपीची एक अख्खी बाजू खाल्ली आहे, साडेअठरा मिनिटांहून थोडी जास्त. त्या बँडचं हे शिखर, असं मी मानतो.

आणि मग १९७३ चा 'टेल्स'. परमहंस योगानंदांच्या 'योगी कथामृता'च्या मूळ इंग्रजी पुस्तकात शास्त्रांच्या प्रकारांबद्दल एक तळटीप आहे. ती वाचून अँडरसनच्या डोक्यात दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा, फक्त चार गाण्यांचा अल्बम आला. पहिली बाजू श्रुती, दुसरी स्मृती, तिसरी पुराणं, चौथी तंत्र. आपल्याकडे पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्पात 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' म्हणतात, तोपर्यंत आपलं लक्ष नैवेद्याकडे गेलेलं असतं. लँकेशायरच्या या गायकाने त्यावर ऐंशी मिनिटांचा रॉक अल्बम केला. बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला हे अजिबात झेपलं नाही. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वादन चालू असताना मंचावरच विंदालू आणि पापड मागवून आपण जेवलो, हे तो आजही रंगवून सांगतो. त्यानंतर लवकरच त्याने बँड सोडला. (परत आला, परत गेला. येसमध्ये ये-जा ही नित्याची बाब.)

मग हा बँड पॉपकडे कसा वळला?

खरं सांगायचं तर वळला नाही, मोडला. वळणं आणि मोडणं यांतला फरक लक्षात घेतला नाही तर हा अल्बम कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७९ अखेरीस पॅरिसमध्ये नव्या अल्बमचं काम चालू होतं आणि ते फिसकटलं. अँडरसन आणि वेकमन दोघेही १९८० मध्ये बाहेर पडले. गायक गेला म्हणजे येस संपला, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण उरलेल्यांनी शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या बगल्स या पॉप जोडगोळीलाच बँडमध्ये घेतलं: ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे १९७९ चं गाणं यांचंच. या मेळातून 'ड्रामा' (१९८०) हा अल्बम निघाला, तोही चांगला निघाला. पण दौऱ्यावर हॉर्नला अँडरसनच्या पट्टीत रोज रात्री गाताना घशाचा त्रास झाला, आणि इंग्लंडमधल्या जुन्या चाहत्यांनी त्याला मनापासून स्वीकारलं नाही ते वेगळंच. १९८१ च्या सुरुवातीला बँड विसर्जित.

गिटारवादक स्टीव्ह हाउ आणि डाउन्स यांनी जॉन वेटन आणि कार्ल पामर यांच्यासोबत एशिया हा बँड काढला. स्क्वायर आणि ड्रमर ॲलन व्हाइट यांनी लेड झेपलिनच्या जिमी पेजबरोबर काही तालमी केल्या. त्यातून काही उभं राहिलं नाही. मग त्यांना ट्रेव्हर रेबिन भेटला.

हा ट्रेव्हर रेबिन कोण?

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा. वडील व्हायोलिनवादक, घरात शास्त्रीय संगीत. सत्तरच्या दशकात रॅबिट नावाच्या बँडमुळे तिथे तो किशोरवयीन मुलींचा लाडका झाला होता. पुढे लंडन, मग लॉस एंजेलिस. गिटार, कीबोर्ड, गायन, चाल बांधणं, ध्वनिमुद्रण, सगळंच त्याला येत होतं, आणि स्क्वायर-व्हाइटना भेटला तेव्हा त्याच्याकडे स्वतःच रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचा साठा तयार होता. त्यातली काही रेकॉर्डिंग त्याने २००३ मध्ये '९०१२४' या खोडकर नावाने प्रसिद्ध केली. ती ऐकली की या अल्बमचा सांगाडा कुणाच्या घरून आला याबद्दल वाद उरत नाही.

म्हणजे हा येसचा अल्बम आहे की नाही?

सर्वांत जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात.

१९८२ मध्ये स्क्वायर, व्हाइट, रेबिन आणि येसचा अगदी पहिला कीबोर्डवादक टोनी के (१९७१ मध्ये त्याला काढून वेकमनला घेतलं होतं) असे चौघे जमले. बँडचं नाव सिनेमा. गाणी बहुतांश रेबिनची, गायन रेबिन आणि स्क्वायरचं, निर्माता ट्रेव्हर हॉर्न. महिनोन्महिने काम झालं आणि अल्बम जवळजवळ तयार झाला. तोवर 'येस' हा शब्द कागदोपत्री कुठेही नव्हता.

अडचण आवाजाची होती. वाद्यं जबरदस्त वाजत होती, पण समोर उभं राहून गाणं खेचून नेईल असा गळा नव्हता. १९८३ च्या वसंतात स्क्वायर अँडरसनकडे गेला आणि त्याला गाडीत बसवून टेप ऐकवली. अँडरसनला ती आवडली. तो आला, काही शब्द बदलले, काही कडवी नव्याने लिहिली, आणि रेकॉर्ड झालेल्या संगीतावर गायला. आता पाचांपैकी चौघे कधी ना कधी येसमध्ये असलेले, त्यातला एक तर येसचा आवाजच. शिवाय सिनेमा या नावावर आणखी काही बँडनी हक्क सांगितला होता. कंपनीला येस हे नाव हवंच होतं. अशा रीतीने बारसं अखेरीस झालं.

रेबिनला हे फारसं रुचलं नव्हतं, आणि ते त्याने पुढे मुलाखतींमध्ये लपवलेलं नाही. नवा बँड म्हणून लोकांनी ऐकलं असतं. आता 'स्टीव्ह हाउच्या जागी आलेला' म्हणून तोलणार. झालंही तसंच.

त्यामुळे 'येसने तत्त्वं सोडून पॉप धरला' हे वाक्य मला घटनाक्रमातच चुकलेलं वाटतं. पॉपकडे झुकलेला एक बँड आधी तयार झाला, आणि येस त्याच्यावर शेवटच्या टप्प्यात येऊन बसला. ज्याला विकणं म्हणतात ते करायला विकणारा आधी हजर असावा लागतो.

निर्माता ट्रेव्हर हॉर्न म्हणजे तोच, ज्याला चाहत्यांनी नाकारलं होतं?

तोच. गायक म्हणून तू दुय्यमच राहशील, निर्माता म्हणून मात्र तुझ्या तोडीचा कुणी नसेल, असं त्याची पत्नी आणि व्यवस्थापक असलेल्या जिल सिंक्लेअर यांनी त्याला बजावलं होतं, असं तो सांगतो. त्याने ऐकलं. १९८२ मध्ये एबीसी या बँडचा 'द लेक्सिकन ऑफ लव्ह', १९८३ मध्ये माल्कम मॅक्लॅरनचा 'डक रॉक', आणि '९०१२५' च्याच सुमारास फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं 'रिलॅक्स'. त्या दोन-तीन वर्षांत इंग्लिश पॉप कसा वाजायचा, हे बऱ्याच अंशी या माणसाने ठरवलं.

सिनेमामध्ये त्याने गावं अशीही एकदा चर्चा निघाली होती. त्याने शहाणपणाने काचेपलीकडे राहणं पसंत केलं.

'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' या गाण्यात एवढं काय आहे?

बरंच. पूर्ण उत्तरासाठी कानाला हेडफोन लावा.

रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी चाल, रेबिनची. ती सुचली तेव्हा आपण शौचालयात होतो, ही माहितीही त्याचीच. गाण्याचं ध्रुवपद तयार होतं, पण कडवी हॉर्नला पसंत नव्हती. ती बदलण्यात त्याचा हात आहे आणि श्रेयनामावलीत रेबिन, अँडरसन, स्क्वायर यांच्याबरोबर त्याचंही नाव आहे. बँडला हे गाणं घ्यायचंच नव्हतं, फार पॉप वाटत होतं. हॉर्नने अक्षरशः गुडघे टेकून गयावया केली, असं तो सांगतो. अल्बममधून वेगळं काढलं जाणारं गाणं, म्हणजे सिंगल, हाच होणार हे त्याने पक्कं केलं होतं.

आता ऐका. ड्रम्सचा एक दणका आणि लगेच जाड, करकरीत गिटारवर रिफ. ती नीट कानात बसते न बसते तोच कुणीतरी नळ बंद करावा तसा आवाज एकदम बारीक होतो: तीच रिफ, पण कोरड्या, सडपातळ सुरात, खाली स्क्वायरचा बेस. जुन्या येसने इथे नवा विभाग सुरू केला असता, ताल बदलला असता, पाच मिनिटांचा पूल बांधला असता. इथे चाल तीच, ताल तोच. बदलला तो फक्त ध्वनी. एका क्षणात आपण मोठ्या सभागृहातून छोट्या खोलीत येतो.

ड्रम्स नीट ऐका. व्हाइटसारखा ताकदीने वाजवणारा ड्रमर, आणि त्याचा स्नेअर ड्रम इतका ताणलेला की टिमकीसारखा टणटणतो. हॉर्नला पोलीस या बँडच्या स्टुअर्ट कोपलंडसारखा वरच्या सुरातला स्नेअर हवा होता. जुन्या चाहत्यांना हा आवाज खुपला, पण त्या काळातल्या छोट्या रेडिओवर तोच सर्वांत आधी ऐकू यायचा.

मध्येच अचानक दुसऱ्याच रेकॉर्डमधले ड्रम्स घुसतात. ते आहेत फंक इंक. या अमेरिकन बँडच्या 'कूल इज बॅक'मधले, संगणकात पकडून इथे सोडलेले. ऑर्केस्ट्राचे ते थपडेसारखे आघातही असेच. फेअरलाइट नावाचं ऑस्ट्रेलियात तयार झालेलं यंत्र तेव्हा घराच्या किमतीला मिळायचं. कुठलाही आवाज त्यात साठवून कळपाटावर वाजवता यायचा. जे. जे. जेक्झालिक ते चालवायचा, गॅरी लँगन ध्वनिमुद्रक. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला ठेका उचलून नव्या गाण्यात वाजवणं पुढे हिप-हॉपचा पायाच झालं. ही गोष्ट मुख्य प्रवाहात सर्वांत आधी करणाऱ्यांमध्ये एक 'म्हातारा' प्रोग बँड असावा, याची मला अजून गंमत वाटते.

आणि गिटारचा सोलो. तो एकाच वेळी दोन गिटार वाजल्यासारखा का वाटतो? रेबिनने स्वर उचलून वर नेणारं एक यंत्र पाचव्या स्वरावर लावलं होतं, म्हणून वाजवलेल्या प्रत्येक सुराबरोबर त्याचा पंचमही वाजतो. षड्ज-पंचम संवाद आपल्या कानाला गोड लागतो, तानपुऱ्यामुळे सवयीचाही आहे. पण इथे पंचम स्थिर राहत नाही, प्रत्येक स्वराच्या मानगुटीवर बसून पळतो, आणि त्यातून तो धातूसारखा, थोडा परका सूर निघतो.

एवढं सगळं साडेचार मिनिटांत. पूर्वी आपल्याकडे ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून बड्या गवयांना तासाभराचा राग तेवढ्यात मांडावा लागे. काहींचा राग त्यात चेपला, तर काहींनी त्या साडेतीन मिनिटांत असं काही गाऊन ठेवलं की मैफल नसल्याची खंत राहू नये. 'ओनर' मी दुसऱ्या वर्गात घालतो. गुंतागुंत गेलेली नाही. रचनेच्या लांबीतून उठून ती ध्वनीच्या बारकाव्यांत जाऊन बसली आहे.

'आर्ट ऑफ नॉइज'चा या अल्बमशी काय संबंध?

या अल्बमच्या सत्रांत व्हाइटने वाजवलेला आणि टाकून दिलेला एक ड्रम्सचा तुकडा लँगन आणि जेक्झालिकने फेअरलाइटमध्ये भरला. एकेक ठोका नव्हे, अख्खा तुकडा. त्यातून 'बीट बॉक्स' तयार झालं आणि आर्ट ऑफ नॉइज हा प्रकल्प उभा राहिला. येसच्या केराच्या टोपलीतून इलेक्ट्रॉनिक संगीताचं एक घराणं निघालं, असं म्हणायला हरकत नाही.

बाकीची गाणी कशी आहेत?

पहिली बाजू दमदार आहे. 'होल्ड ऑन'मध्ये आवाजांचे थर सुरेख लागले आहेत. 'इट कॅन हॅपन'ची सुरुवात सतारीने होते; ती वाजवली दीपक खजांची यांनी, जे ब्रिटनमधल्या भांगडा संगीताचे निर्माते म्हणून ओळखले जातात. सतार मोजून काही क्षण येते, पण ती केवळ शोभेची नाही. गाण्याची मुख्य चालच तिच्यावर ऐकू येते. 'चेंजेस'च्या प्रारंभी टाळी देऊन बघा: सम कुठे आहे हे सापडेपर्यंत तो भाग संपतो. त्या सुरुवातीची कल्पना व्हाइटची. पुढे गाणं सरळ चालीवर येतं आणि रेडिओला चालेल असं होतं. जुनं आणि नवं येस एकाच गाण्यात शेजारी बसलेलं ऐकायचं असेल तर हेच ऐका.

दुसऱ्या बाजूबद्दल माझं मत इतकं उदार नाही. ती 'सिनेमा' या दोन मिनिटांच्या वाद्यतुकड्याने सुरू होते, जो एअर स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड केला. बँडचं जुनं नाव या तुकड्याच्या रूपाने उरलं. त्यालाच १९८५ मध्ये सर्वोत्तम रॉक वाद्यवादनाचं ग्रॅमी मिळालं. येसचं हे एकमेव ग्रॅमी, तेही ज्यात कुणी गात नाही अशा दोन मिनिटांना. त्यानंतर 'लीव्ह इट', निव्वळ गळ्यांच्या करामतीवर उभं असलेलं गाणं. त्याची फक्त आवाजांची, वाद्यांशिवायची आवृत्तीही निघाली होती आणि ती मूळ गाण्याइतकीच कान धरून ठेवते. 'अवर साँग' ओहायोतल्या टोलीडो शहरातल्या एका कार्यक्रमाची आठवण काढतं. ऐकायला बरं, विसरायलाही सोपं. 'सिटी ऑफ लव्ह' त्या काळच्या कुठल्याही हार्ड रॉक बँडने केलं असतं. शेवटचं 'हार्ट्स' साडेसात मिनिटांचं, अल्बममधलं सर्वांत लांब, आणि तिथे अँडरसनला पुन्हा आकाश मोकळं मिळतं.

व्हिडिओत कीबोर्डवर टोनी के नाही, दुसराच कोणी दिसतो. तो कोण?

एडी जॉब्सन. ध्वनिमुद्रणादरम्यान के आणि हॉर्नचं पटलं नाही, के निघून गेला आणि कीबोर्डचा बराच भाग रेबिननेच वाजवला. मग जॉब्सनला घेतलं, व्हिडिओचं चित्रीकरण झालं, आणि के परत आला. जॉब्सन निघून गेला. व्हिडिओत त्याची झलक मात्र राहिली. हा व्हिडिओ स्टॉर्म थॉर्गरसनने केला, पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठं करणाराच.

'लीव्ह इट'चा व्हिडिओ आणखी चक्रम. गॉडली अँड क्रीम या जोडीने त्याच्या अठरा आवृत्त्या केल्या. पाच जण सुटाबुटात एका ओळीत उभे, तेही डोकं खाली पाय वर.

मुखपृष्ठावर रॉजर डीनची चित्रं का नाहीत?

कारण येसच्या जुन्या मुखपृष्ठांवर डीन काढायचा ते तरंगते डोंगर आणि या ध्वनीचं जमलं नसतं. ॲसॉर्टेड इमेजेसच्या गॅरी मोआटने ॲपल टू-ई संगणकावर नवं चिन्ह तयार केलं: राखाडी पार्श्वभूमी, रंगांचे दोन-तीन तुकडे. १९८३ मध्ये संगणकावर मुखपृष्ठ काढणं ही नवलाई होती. आज पाहिलं तर ते अल्बमपेक्षा लवकर जुनं झालं असं वाटतं.

अल्बम किती चालला?

'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे राहिलं. येसचं हे एकमेव 'नंबर वन'. अल्बम अमेरिकेत ५ व्या, ब्रिटनमध्ये १६ व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत त्याला ३० लाख प्रतींसाठीचं तिहेरी प्लॅटिनम मिळालं. बँडचा हा सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. घरच्या मैदानावर मात्र 'ओनर' २८ व्या क्रमांकावर थांबलं.

दौऱ्यात कॅनडातल्या एडमंटनला झालेल्या कार्यक्रमांवरून '९०१२लाइव्ह' ही फिल्म झाली. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग, तेव्हा चित्रपटसृष्टीत कुणाला नाव माहीत नसलेला.

पण शेवटी पैशांसाठीच केलं ना हे?

पैसे हवे होतेच; कुणाला नको असतात? कंपनीने सिनेमाला पैसा पुरवला तो दानधर्म म्हणून नाही. पण पैशांसाठी केलेलं सगळं आळशी असतं असं नाही. या अल्बमवर खर्ची पडलेले महिने आणि हॉर्नची प्रत्येक आवाजामागची खटपट पाहता, सोपा मार्ग असा दिसत नाही. झटपट पैसा हवा असता तर जुन्या मंडळींना गोळा करून 'राउंडअबाउट' या आपल्याच जुन्या गाण्यासारखं काहीतरी पुन्हा काढणं स्वस्तात पडलं असतं.

आणि 'राउंडअबाउट'चा विषय निघालाच आहे म्हणून: साडेआठ मिनिटांचं ते गाणं १९७२ मध्ये सिंगलसाठी साडेतीन मिनिटांच्या आत कापलं होतं आणि अमेरिकेत १३ व्या क्रमांकावर गेलं होतं. येसच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर बीटल्स आणि बर्ड्सची गाणी आहेत. तेव्हा हा बँड कधीकाळी पॉपपासून सोवळ्यात होता आणि १९८३ मध्ये बाटला, ही गोष्ट चाहत्यांनी रचलेली आहे.

टीकेतला एक मुद्दा मात्र मला मान्य करावासा वाटतो. जुन्या येसमध्ये पाचही जण एकमेकांशी भांडत वाजवायचे. बेस गिटारशी वाद घालतोय, ड्रम्स दोघांनाही जुमानत नाहीत, आणि त्यातून संगीत घडायचं. '९०१२५' मध्ये निर्णय बहुतेक वेळा रेबिन किंवा हॉर्न घेतो. स्क्वायरसारखा बेसवादक इथे बराच वेळ शिस्तीत वागतो. ते ऐकताना हळहळ वाटते.

जेनेसिस, एशिया, रश यांनीही हेच केलं नाही का?

दिशा एकच, वाटा निराळ्या. पंक या साध्या, रांगड्या रॉकप्रकाराने १९७६-७७ मध्ये लांब गाण्यांची टर उडवली, अमेरिकन एफएम रेडिओने मोजकीच आणि आटोपशीर गाणी लावायचं धोरण धरलं, आणि १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाला. त्यावर दाखवलेला पहिला व्हिडिओ 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', म्हणजे पुन्हा हॉर्न आणि डाउन्स.

एशियाने १९८२ मध्ये जुन्या नामवंतांना एकत्र करून रेडिओजोगा रॉक केला. त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. मला तो गुळगुळीत वाटतो. जेनेसिस हळूहळू बदलत गेला. 'ॲबॅकॅब' (१९८१) पासून 'इनव्हिजिबल टच' (१९८६) पर्यंत पायऱ्या मोजता येतात, आणि त्या शेवटच्या अल्बममध्येही 'डॉमिनो' हे दहा मिनिटांहून लांब गाणं आहेच. रश या तिघांच्या बँडने 'सिग्नल्स' (१९८२) पासून सिंथेसायझर पुढे आणला, पण तिघेच्या तिघे तेच राहिले. येसमध्येच जुनं घर आधी पाडलं गेलं, म्हणून तिथला बदल सर्वांत मोठा दिसतो.

आपल्याकडे हा अल्बम कधी पोचला?

एमटीव्ही भारतात उपग्रह वाहिन्यांबरोबर १९९१ मध्ये आला, म्हणजे 'लीव्ह इट'च्या उलट्या टांगलेल्या सुटांची धूम संपून सात वर्षं झाल्यावर. त्याआधी परदेशी रॉकचा शौक म्हणजे नातेवाइकाने आणलेली कॅसेट, तिच्यावरून उतरवलेली दुसरी कॅसेट, किंवा मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारखी दुकानं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

पुढे काय झालं?

यशाची पुनरावृत्ती करायला गेले आणि दमले. 'बिग जनरेटर' यायला १९८७ उजाडलं, हॉर्न मध्येच सोडून गेला, आणि अल्बम ऐकताना तो थकवा जाणवतो. १९८८ मध्ये अँडरसन गेला आणि १९८९ मध्ये वेकमन, हाउ आणि येसचा पहिला ड्रमर ब्रुफर्ड यांच्याबरोबर वेगळा अल्बम घेऊन आला. १९९१ च्या 'युनियन'मध्ये दोन्ही पंगती एकत्र बसवल्या. नाव मोठं, लक्षण खोटं. रेबिन पुढे हॉलिवूडमध्ये चित्रपटांना पार्श्वसंगीत देऊ लागला, 'आर्मगेडन'चं त्याचंच. २००५ मध्ये मॅक्स ग्रॅहम या डीजेने 'ओनर'चं नृत्यरूप केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं, जिथे मूळ गाणं कधी पोचलं नव्हतं.

स्क्वायर २०१५ मध्ये गेला, व्हाइट २०२२ मध्ये. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये येसचा समावेश झाला तेव्हा मंचावर 'ओनर' वाजलं, आणि त्यात बेस वाजवला स्टीव्ह हाउने, ज्याची जागा रेबिनने घेतली होती त्याने.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

'क्लोज टू द एज' आधी ऐकून मग '९०१२५'कडे येऊ नका; तुलना करण्यातच वेळ जाईल. थेट 'चेंजेस' लावा, मग 'लीव्ह इट', मग 'ओनर'. आवडलं तर जुन्याकडे 'राउंडअबाउट'च्या वाटेने जा. 'टेल्स' घाईत ऐकायचा अल्बम नाही. गुरुजी येईपर्यंत वेळ असेल त्या दिवशी बघा.

कुठली आवृत्ती घ्यावी?

२००४ ची ऱ्हायनो या कंपनीने काढलेली वाढीव आवृत्ती मिळाली तर तीच. शेवटी जोडलेल्या गाण्यांत 'इट कॅन हॅपन'चं सिनेमाच्या काळातलं रूप आहे. चाल तीच, पण शब्द वेगळे आणि अँडरसन कुठेच नाही. अल्बममधलं आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐका, आणि मग वर जो 'येसचा आहे की नाही' प्रश्न आहे त्याचं उत्तर मला विचारू नका, तुमचं तुम्हीच द्या.